बससेवेत नकाशाचं काम मिळालंय? मग सुरुवात इथून करा

शहर बससेवेत जीआयएस (म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशाकाम) असिस्टंट, मॅपिंग टेक्निशियन, कधी कधी तर नुसतं डेटा ऑपरेटर अशा नावाने पोस्ट निघते, बहुतेक वेळा कंत्राटी, आणि त्यात नेमकं काय करायचं असतं हे जाहिरात वाचून अजिबात कळत नाही. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर येणं आवश्यक, एमएस-ऑफिस येणं आवश्यक, बस एवढंच. पोरं-पोरी येतात ती जिऑइन्फॉर्मॅटिक्समध्ये सॅटेलाइट इमेजचं क्लासिफिकेशन वगैरे शिकून, आणि पहिल्याच आठवड्यात समोर एक्सेलच्या चार फायली येतात, साहेब म्हणतात ह्या जुळवून द्या, परवापर्यंत. तर ज्यांना नुकतं असं काम लागलंय किंवा लागायची शक्यता आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं जास्त पुण्याची येतील कारण मला ते रस्ते पाठ आहेत, पण मुंबई, नागपूर, कोल्हापूर कुठेही कामाची पद्धत हीच.

आधी त्या चार याद्या समजून घ्या

बससेवेत एका थांब्याची माहिती किमान चार ठिकाणी असते. एक वाहतूक विभागाची मार्गयादी, म्हणजे कागदावर मंजूर झालेला मार्ग आणि त्यावरचे थांबे. दुसरी तिकीट मशीनमधली यादी, जी कंडक्टर वापरतो. तिसरी जीपीएसवाल्या कंपनीने बसवलेली, तिच्यात प्रत्येक थांब्याभोवती एक गोल आखलेला असतो आणि बस त्या गोलात शिरली की "आली" अशी नोंद होते. आणि चौथी म्हणजे रस्ता, जिथे खरोखर खांब उभा आहे किंवा नाहीये. ह्या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. कुठेच जुळत नाहीत, तुमच्या ऑफिसला दोष देऊ नका. तुमचं खरं काम म्हणजे ह्या चौघींचं एकमत घडवून आणणं, बाकी सॉफ्टवेअर वगैरे त्यातला सगळ्यात छोटा भाग.

तिकीट मशीनच्या यादीबद्दल एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ती यादी भाड्याच्या टप्प्यांसाठी बनलेली असते, थांब्यांसाठी नाही. त्यामुळे दोन-तीन जवळजवळचे थांबे एकाच नावाखाली गेलेले असतात, नावं कापलेली असतात, आणि जाण्या-येण्याची यादी एकच असते, उलटी वाचायची. एसटीत तर टप्पा ६ किलोमीटरचा, तिथे मधले विनंती थांबे मशीनमध्ये वेगळे दिसतीलच असं नाही. म्हणून मशीनची यादी घेऊन थेट नकाशावर ठिपके टाकायला बसू नका.

मग करायचं काय, तर कागदावरच्या तिन्ही याद्या एका शीटमध्ये शेजारी शेजारी लावा, मार्गानुसार, दिशेनुसार. नाव जुळलं नाही की रंग द्या. लगेच काही दुरुस्त करू नका, फक्त रंग द्या. रंगलेल्या ओळी घेऊन टाइमकीपरकडे जा. हा माणूस डेपोच्या किंवा स्टँडच्या त्या छोट्या केबिनमध्ये बसलेला असतो आणि त्याला सगळं माहीत असतं, कुठला थांबा ड्रेनेजच्या कामात हलवला, कुठल्या खेपेला गाडी आतल्या रस्त्याने जाते, कुठला मार्ग कागदावर चालू आहे पण गाडीच सुटत नाही. सकाळी गाड्या सुटायच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी जेवण झाल्यावर जा, चहा सांगा. अर्ध्या तासात जे कळतं ते ईमेलवर महिनाभर विचारून कळत नाही.

मग बाहेर पडा

सर्व्हेसाठी महागडं काही लागत नाही. क्यूफील्ड किंवा कोबोकलेक्टसारखं ॲप, बऱ्यापैकी फोन, पॉवर बँक आणि टोपी. फोनचं जीपीएस मोकळ्या जागी साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर येतं, ते आपल्याला पुरतं. पण उंच इमारतींच्या मध्ये, फ्लायओव्हरखाली, मोठ्या झाडाखाली ते भरकटतं, त्यामुळे थांब्यावर पोचल्या पोचल्या बटण दाबू नका, अचूकतेचा आकडा खाली येईपर्यंत अर्धा-एक मिनिट उभे राहा, आणि नाहीच आला तर नंतर ऑफिसात सॅटेलाइट इमेजवर बघून ठिपका सरकवायचा आहे अशी टीप टाका.

पॉइंट कुठे घ्यायचा? पाटीच्या खांबापाशी. शेडच्या मधोमध नाही, रस्त्याच्या मधोमध तर मुळीच नाही. आणि समोरासमोरचे दोन थांबे म्हणजे दोन थांबे, दोन आयडी, दोन ठिपके. एकच ठिपका डिव्हायडरवर टाकून मोकळं होणं हा ह्या धंद्यातला सगळ्यात जुना आळस आहे, आणि त्याचा त्रास कोणाला होतो तर ज्या बाईला नवीन गावात ॲप बघून कळत नाही की रस्ता ओलांडायचा की नाही. ॲपमध्ये निळी रेघ बरोबर जाते, बाई उलट्या बाजूला उभी, समोरून गाडी निघून जाते.

प्रत्येक थांब्यावर फोटो निदान दोन, एक पाटीचा जवळून म्हणजे लिहिलेले मार्ग क्रमांक वाचता येतील असा, आणि एक गाडी ज्या दिशेने येते त्या दिशेला तोंड करून. दुसरा फोटो फार उपयोगी, ऑफिसात बसून रस्त्याची बाजू चुकली का हे त्यावरून कळतं. खडकी, देहूरोड, लोहगाव अशा भागात लष्करी गेट समोर असेल तर फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, नुसती नोंद करा, आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात ठेवा. ओळखपत्र एरवीही ठेवाच, कारण लोकांना वाटतं थांबा हलवायला आलाय, आणि दुकानदार एकतर खूश होतो किंवा भांडायला येतो.

आता खरा प्रश्न. पाटी एका ठिकाणी आहे पण तिथे रिक्षा उभ्या असतात म्हणून गाडी रोज तीस-चाळीस मीटर पुढे थांबते, लोकही तिथेच उभे असतात. ठिपका कुठे टाकायचा? ह्यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं म्हणणं असं की ठिपका पाटीवरच टाका आणि "गाडी प्रत्यक्षात इथे थांबते" हा वेगळा रकाना ठेवा, दोन्ही जागा साठवा, कारण रिक्षास्टँड उद्या हलेल, आणि तुम्ही गुपचूप ठिपका पुढे सरकवला तर वाहतूक विभागाला कळणारच नाही की तिथे अडचण आहे. फक्त जिथे पाटीच गेलीय, खांब कापून नेलाय, तिथे लोक उभे राहतात ती जागा घ्या आणि तसं लिहा.

बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव लेनवरचे, थांबे वेगळे बघा. ते रस्त्याच्या मध्ये असतात, तिथपर्यंत चालत जायचा रस्ता सिग्नलवरून असतो. नगर रोडवर बीआरटीचा काही भाग काढून टाकला, तिथले थांबे मधून कडेला आले, नाव तेच राहिलं, म्हणजे जुन्या याद्यांमध्ये ठिपका अजून रस्त्याच्या मध्येच असू शकतो. असं कुठलंही मोठं काम झालं, मेट्रोचा खांब आला, फ्लायओव्हर झाला किंवा पाडला, की तो पूर्ण पट्टा परत चालत जाऊन बघायचा.

स्वारगेटसारख्या ठिकाणी तर एक ठिपका म्हणजे थट्टाच. स्टँडच्या आत वेगळ्या जागा, बाहेर सातारा रोडच्या अंगाला वेगळी, शंकरशेठ रोडकडे वेगळी, शेजारी एसटी स्टँड, आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही. इथे एक मुख्य स्टेशन बनवून बाकीच्या सगळ्या जागा त्याची पोरं म्हणून जोडायच्या, डेटाच्या ज्या फॉरमॅटबद्दल पुढे सांगतोय त्यात तशी सोय आहे.

फॉरमॅट, म्हणजे जीटीएफएस

गुगल मॅप्सवर किंवा बाकी ॲपवर बस दिसते ती ह्या फॉरमॅटमुळे. २००५ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रायमेट ह्या बससेवेने गुगलबरोबर हे सुरू केलं, आता जगभर हेच चालतं. आपल्याकडे दिल्लीच्या बसचा आणि कोची मेट्रोचा डेटा असा उघड मिळतो, शिकायला तो डाउनलोड करून उघडून बघा, सगळ्यात बेस्ट अभ्यास तोच.

आत काय असतं तर साध्या टेक्स्ट फायली, एका झिपमध्ये. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ, कॅलेंडर, आणि शेप म्हणजे गाडी ज्या रस्त्याने जाते ती रेघ. मार्ग आणि फेरी ह्यात गोंधळ करू नका. मार्ग म्हणजे पाटीवरचा नंबर, फेरी म्हणजे सकाळी सहा वीसला सुटणारी ती एक खेप. डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत गाडी रिकामी जाते ते डेड किलोमीटर, ते ह्यात येत नाही, पण डेपोचं शेड्युल वाचताना तुम्हाला ते ओळखून बाजूला काढावं लागतं.

रात्री बारानंतरच्या वेळा लोक हमखास चुकवतात. रात्री अकरा पन्नासला सुटलेली गाडी सव्वाबाराला पोचत असेल तर तिथे ००:१५ लिहायचं नाही, २४:१५ लिहायचं, कारण फेरी आदल्या दिवसाची आहे. ००:१५ लिहिलं तर सॉफ्टवेअरला वाटतं गाडी सुटायच्या आधीच पोचली. एसटीच्या मुक्कामी गाडीचं वेगळं, संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच झोपते, पहाटे परत निघते, ह्या दोन वेगळ्या फेऱ्या, दोन वेगळ्या दिवसांच्या.

मधल्या थांब्यांच्या वेळा डेपोच्या शेड्युलमध्ये नसतात. तिथे फक्त सुटायची आणि पोचायची वेळ. मग बरेच जण अंतराच्या प्रमाणात वेळ वाटून टाकतात, एका फॉर्म्युल्यात काम खलास. पण कात्रजहून स्वारगेटला येणारी गाडी आणि तीच गाडी पुढे पेठांतून मनपापर्यंत जाताना, वेग सारखा कसा असेल? जीपीएसचा दोन-तीन आठवड्यांचा डेटा मागा, सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगळी करा, प्रत्येक टप्प्याला लागणाऱ्या वेळेचा मधला आकडा, म्हणजे मीडियन, घ्या. सरासरी घेऊ नका, एखाद्या दिवशी मोर्चा निघालेला असतो आणि सगळी सरासरी बिघडते. आणि ज्या वेळा अंदाजे आहेत त्या अंदाजे आहेत अशी खूण करायचा रकाना फॉरमॅटमध्ये आहे, तो वापरा, फार कमी लोक वापरतात.

रेघ ओढताना

पुण्यात बाजीराव रोड आणि शिवाजी रोड, जंगली महाराज रोड आणि फर्ग्युसन रोड, ही एकदिशा जोडगोळी. गाडी जाताना एका रस्त्याने, येताना दुसऱ्या. त्यामुळे एक शेप काढून उलटी करून वापरली की परतीची गाडी वन-वेत उलटी घुसलेली दिसते. प्रत्येक दिशेची शेप वेगळी काढा, कंटाळा येतो पण काढा.

दुसरं म्हणजे फ्लायओव्हर. नकाशावर वरचा आणि खालचा रस्ता एकावर एक दिसतो, माउस वरच्या रस्त्याला चिकटतो, आणि थांबे सगळे खाली असतात. जीपीएसच्या ठिपक्यांवरूनही वर-खाली कळत नाही. इथे नियम सोपा, थांबा जिथे आहे तो रस्ता. आणि एखादी फेरी खरंच वरून जात असेल तर तिच्या वेळांतून खालचे थांबे काढून टाका, नाहीतर माणूस खाली थांबेल आणि गाडी डोक्यावरून जाईल.

अंतर मोजताना प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बघा. फोनमधून येतं ते अक्षांश-रेखांशात, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीत, आणि फायलीतही तेच ठेवायचं, पाच दशांश स्थळं पुरेत, पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. पण किलोमीटर काढायचे असतील तर यूटीएममध्ये न्या, तिथे मोजमाप अंशांत नाही, मीटरमध्ये असतं. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अगदी अमरावतीसुद्धा झोन ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमधला कोड ३२६४३. नागपूर मात्र झोन ४४, कोड ३२६४४. रेषा ७८ अंश रेखांशावर आहे, विदर्भात काम असेल तर हे लक्षात ठेवा. अंतराला एवढं महत्त्व का, तर भाडं किलोमीटरवर ठरतं. मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्टचं साध्या गाडीचं पहिल्या ५ किलोमीटरचं भाडं १० रुपये झालं. थांबा ४.९ वर आहे की ५.१ वर ह्यावर प्रवाशाचे पैसे ठरणार असतील तर तुमची रेघ ही नुसती रेघ नाही. तुम्ही मोजलेलं अंतर आणि भाडेतक्त्यातलं अंतर वेगळं निघालं तर स्वतः काही बदलू नका, लेखी वर कळवा, पुढचा निर्णय साहेबांचा.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल हा अजून एक नेहमीचा घोळ. पुणे म्हणजे साधारण १८.५ आणि ७३.८. हे उलटं टाकलं तर तुमचा थांबा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. सगळेच उलटे असतील तर लगेच दिसतं, शंभरातले दोन उलटे असले की दिसत नाही. म्हणून फाइल उघडली की आधी नकाशा पूर्ण झूम आउट करायची सवय लावा.

बेस मॅप, म्हणजे खाली ठेवायचा नकाशा म्हणून ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा वापरता येतो, फक्त श्रेय द्यायचं. गुगलच्या नकाशावरून थांबे, रस्ते गिरवायचे नाहीत, त्यांच्या अटींत ते बसत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना नकाशाच्या डेटासाठी आधीसारखी परवानगी काढत बसावं लागत नाही, त्यामुळे "सर्व्हे ऑफ इंडियाची परमिशन आहे का" असं कोणी घाबरवलं तर त्या सूचनांची प्रिंट दाखवा.

नावं, आणि एक्सेल नावाचा प्राणी

नावांवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो हे आधीच सांगतो. हिंजवडी, हिंजेवाडी, आणि इंग्रजीत आणखी दोन-तीन स्पेलिंगं. बालगंधर्व एकत्र की तोडून. गणपती मंदिर, मारुती मंदिर, ग्रामपंचायत, शाळा ह्या नावाचे थांबे प्रत्येक मार्गावर, त्यामुळे नावापुढे गाव किंवा वस्ती जोडायलाच हवी. जुन्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर प्रत्येक नाव डोळ्यांनी वाचा, जोडाक्षरं तुटतात. "ऱ्या" दोन पद्धतीने टाइप होतो, दिसायला सारखा पण कॉम्प्युटरला वेगळा, सर्चमध्ये मग "कोपऱ्यावर"चा थांबा सापडत नाही. एक पद्धत ठरवा आणि पूर्ण फाइलमध्ये रिप्लेस मारा.

पाटीवर जे लिहिलंय आणि लोक जे म्हणतात तेच नाव ठेवा. नगरसेवकाने सुचवलेलं लांबलचक नाव मंजूर होऊन आलं तर ते टाका, पण जुनं नाव सर्चसाठी जपून ठेवा. अहमदनगर अहिल्यानगर झालं, उस्मानाबाद धाराशिव झालं, एल्फिन्स्टन रोड प्रभादेवी झालं, नावं बदलणारच. म्हणून थांब्याचा आयडी कधीही नावावरून बनवायचा नाही आणि एकदा दिलेला आयडी बदलायचा नाही, बंद थांब्याचा आयडी दुसऱ्याला द्यायचा नाही. तिकीट मशीन, जीपीएस, ॲप सगळे त्या आयडीवर लटकलेले असतात.

आणि एक्सेल. मार्ग क्रमांक ५-८ असा काही लिहिला की त्याची तारीख होते. पुढचे शून्य गायब होतात. २४:१५ चं काहीतरी भलतंच होतं. मराठी सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की अक्षरांऐवजी किडे-मुंग्या दिसतात, आणि घाबरून सेव्ह केलं की किडे कायमचे. डेटा मेनूतून इम्पोर्ट करा, यूटीएफ-८ (युनिकोडचा प्रकार) निवडा, सगळे रकाने टेक्स्ट करा. किंवा लिब्रेऑफिस वापरा, ते उघडतानाच विचारतं.

बाहेर पाठवायच्या आधी

जीटीएफएस सांभाळणाऱ्या मोबिलिटीडेटा ह्या संस्थेचा फुकट व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारं सॉफ्टवेअर, आहे, झिप टाकली की चुका सांगतो. लाल सगळ्या काढायच्याच. पिवळ्या, म्हणजे नुसत्या इशाऱ्यांपैकी "दोन थांब्यांमध्ये गाडी फार वेगात" ही आधी बघा, कारण तिच्यामागे बहुतेक वेळा ठिपका चुकीच्या जागी नाहीतर वेळ चुकीची असते. मग तुमच्या ओळखीचे दोन-तीन मार्ग घ्या आणि गाडीत बसून, फोनवर फाइल उघडून, थांब्यामागून थांबा मोजत जा. कंडक्टरशेजारची सीट मिळाली तर सोनं.

प्रत्येक वेळी पाठवलेली झिप तारीख घालून जपून ठेवा. आणि कॅलेंडरची शेवटची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, ती उलटून गेली की ॲपमधून सगळ्या गाड्या एका रात्रीत गायब होतात, रस्त्यावर गाड्या धावतच असतात पण फोन तुम्हालाच येतो.

सुट्ट्यांचं आणि डायव्हर्जनचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला मांडून ठेवता येतं. पालख्या पुण्यात येतात ते दिवस, गणपती, दिवाळी, रविवारच्या कमी फेऱ्या. नेमके रस्ते कुठले बंद हे वाहतूक पोलिसांचा आदेश निघाल्यावरच कळतं, तो बऱ्याचदा अगदी तोंडावर निघतो, तोपर्यंत मागच्या वर्षीच्या शेप तयार ठेवा म्हणजे थोडा बदल करून भागतं. विसर्जनाला लक्ष्मी रोड, शिवाजी रोड बंद असतात हे ठरलेलंच, पण पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी त्याच्याही पुढे लांबते, त्यामुळे डायव्हर्जनची नोंद एकट्या अनंत चतुर्दशीच्या तारखेला न टाकता दोन्ही तारखांना टाका, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची शेप परत लागलीय का ते पहिली गाडी सुटायच्या आधी बघा.